वॉर्डातला पहिला उन्हाळा

नर्सिंगचं शिक्षण मी नांदेडला पुरं केलं आणि पहिली नोकरी धरली ती अहमदपूरच्या बाहेर, मुलींच्या एका निवासी शाळेत. दवाखान्यात न जाता शाळेत जायचं, हे मी ठरवलेलं नव्हतं. अप्पांनी ठरवलं होतं. मुखेडला आमचं किराणा दुकान. अप्पा लिंगपूजा केल्याशिवाय चहासुद्धा घेत नसत. मुलगी नर्स होणार हे त्यांनी कसंबसं पचवलं होतं, पण दवाखान्याचं नाव काढलं की ते उठून दुकानात जाऊन बसायचे. "पोरींची शाळा हाय, चार भिंतीत हाय, तिथं जा," एवढंच म्हणाले. आईला आम्ही अव्वा म्हणायचो. अव्वानं गल्लीत सांगितलं की पोरगी शाळेत लागली. नर्स हा शब्द तिनं गाळून टाकला.

शाळेत मला एक खोली होती. वजनकाटा, लोखंडी खाट, जांभळ्या औषधाची बाटली, खरजेचं मलम आणि कुलपाचं कपाट. सकाळच्या प्रार्थनेत एखादी पोरगी चक्कर येऊन बसली की बाकीच्या तिला माझ्याकडे आणून सोडायच्या. उवा, खरूज, पोटदुखी, पहिल्यांदा पाळी आल्यावरचं रडणं. घरची आठवण येऊन दुखणारं डोकं मला लांबून ओळखू यायचं. तिथं मला विचारणारं कोणी नव्हतं आणि मला सांगणारंही कोणी नव्हतं. मुख्याध्यापिका, त्यांना सगळे मोठ्या बाई म्हणत, मला नेहमी म्हणायच्या, "तुम्ही हाय म्हणून मी निवांत हाय." मलाही तसंच वाटायचं. आपण पुरेशा आहोत, असं.

त्या वर्षी पाऊस दांडी मारून गेला. दिवाळीनंतर शाळेच्या विहिरीत उतरून पाणी वाटीनं भरायची वेळ आली. त्याच थंडीत एका सकाळी आठवीतली एक मुलगी उठेना. अंग तापलेलं, उजेड सोसवेना, आणि मान वाकवायला गेले तर सगळं अंगच उचललं जायचं. मान अशी ताठ झाली म्हणजे काय, हे मी शिकले होते. ताप मेंदूपर्यंत गेलेला असू शकतो. माझ्या कपाटात त्यावर काहीच नव्हतं.

संस्थेच्या जीपमध्ये तिचं डोकं मांडीवर घेऊन मी लातूरला निघाले. लातूर तेव्हा नुकता जिल्हा झाला होता. वाटेतल्या पाट्यांवरचं उस्मानाबाद खोडून वर लातूर रंगवलेलं होतं आणि काही ठिकाणी दोन्ही नावं एकात एक मिसळून दिसत होती. मी त्या पाट्या वाचत होते, कारण पोरीच्या चेहऱ्याकडे बघवत नव्हतं. दर थोड्या वेळानं ड्रायव्हर मागं वळून विचारायचा, "बाई, हाय का?" मी म्हणायची, "हाय, चला."

दवाखान्याच्या दारात एका सिस्टरनं तिला माझ्या हातातून घेतलं. "केव्हापासून? उलटी? झटके?" एवढंच विचारलं आणि दार लोटून घेतलं. मी बाहेर बाकावर बसले. आत पावलं वाजत होती, भांडी वाजत होती, कोणीतरी जोरात काहीतरी मागत होतं. मीही नर्सच होते. अंगावर पांढरी साडी होती. पण त्या दाराच्या आत काय चाललंय, यातलं मला काहीच करता आलं नसतं. पोरगी वाचली. बऱ्याच दिवसांनी वडिलांबरोबर घरी गेली. सगळे मला म्हणाले, बाई, तुम्ही वेळेवर नेलं. मला मात्र ते बंद दार काही केल्या डोळ्यांपुढून हलेना.

होळीच्या सुमाराला शाळेनं वसतिगृह बंद केलं. पाणीच नव्हतं. मुली आपापल्या गावी गेल्या. मोठ्या बाई म्हणाल्या, "पाऊस पडला की निरोप धाडते, घरी जाऊन आराम करा." मी घरी गेले, पण आराम करायला नाही. नांदेडला माझ्याबरोबर शिकलेली एक मैत्रीण लातूरच्या एका धर्मादाय दवाखान्यात होती. नवा जिल्हा झाल्यापासून पेशंट दुपटीनं यायला लागलेत, नर्स मिळत नाहीत, ये, असं तिनं कळवलं होतं. मी जाऊन भेटून आले, आणि मगच घरी सांगितलं.

अप्पा जेवत होते. घास ताटात ठेवला.

"कामून?" त्यांनी विचारलं.

"शाळेत मी फक्त दारापर्यंत नेऊ शकते, अप्पा. आत जायचंय मला."

"आत काय असतं ठाव हाय का? बाप्यांचं आंग पुसावं लागतं. घाण काढावी लागती. कोण कुठला, कोण्या जातीचा."

"शिकताना केलंय मी ते."

"शिकताना येगळं. शाळेत हायीस म्हणून लोकांला सांगाया तोंड हाय मला." एवढं बोलून ते हात धुवायला उठले. निघायच्या दिवशी अव्वानं ट्रंकेत धपाट्यांचं फडकं ठेवलं आणि एसटी हलेपर्यंत खिडकीची दांडी धरून उभी राहिली. अप्पा स्टँडवर आले नव्हते.

लातूरला पहिल्या आठवड्यातच माझा पुरेसेपणा गळून पडला. बायकांच्या वॉर्डाची इनचार्ज सिस्टर पन्नाशीची, उंच, आवाज चढलेला. तिला रागवायला कारण लागत नसे, पण खोटं कारण तिनं कधी काढलं नाही. शाळेत राहून माझा सुईचा हात गेला होता. शीर दिसायची, बोटाला लागायची, आणि सुई टोचली की निसटायची. दुसऱ्यांदा टोचताना पेशंटचा नवरा म्हणायचा, "दुसऱ्या बाईला बलवा." इनचार्ज यायची, माझ्या हातातून सुई घ्यायची, एकदाच टोचायची, चिकटपट्टी लावायची आणि न बोलता निघून जायची. ते न बोलणं रागवण्यापेक्षा वाईट होतं. वॉर्डातल्या मावश्या मला शाळेच्या बाई म्हणायला लागल्या. त्यात कुचकेपणा नव्हता. पण सलाइन लावायचं असलं की त्या माझ्याकडे न येता दुसरीकडे जायच्या.

एकदा मी एका आजीपाशी बसून तिचं रडणं थांबवत होते. इनचार्ज मागं येऊन उभी राहिली.

"शाळेत किती पोरी एकदम आजारी पडायच्या?"

"एखादी."

"इथं अख्खा वॉर्ड आजारी आहे. रडणाऱ्याला आवाज आहे, तो थांबेल थोडा. जो गप आहे त्याच्याकडे आधी बघायचं." आणि गेली.

मी रोज संध्याकाळी खोलीवर जाऊन स्वतःच्या हातावर रबरी नळी बांधून शिरा चाचपत बसायची. मैत्रीण हसायची. मला हसू येत नव्हतं. उद्या कोणाच्या हाताशी आपली गाठ आहे, याचीच भीती असायची.

वैशाख लागला. टँकर एक दिवसाआड यायला लागला. वॉर्डात हात धुवायला एक बादली आणि त्यावर एक मग, तोही मावशीच्या ताब्यात. सिरिंजा उकळायचं पाणी पुन्हा पुन्हा वापरायचं. नातेवाईक हापशावर रांगा लावायचे आणि दांडा नुसता खडखडायचा. ढाळ-वांत्यांचे पेशंट वाढत चालले. लोक नदीच्या कोरड्या पात्रात खड्डे उकरून त्यात झिरपलेलं पाणी पीत होते. दुसरं होतंच कुठं?

अशाच एका दुपारी मला मावशीनं सांगितलं, "शाळेच्या बाई, तुमचे वडील आलेत. व्हरांड्यात थांबलेत."

मी धावत गेले. अप्पा खांबापाशी उभे होते. पांढरं धोतर, टोपी, खांद्यावर उपरणं, आणि कुठल्याच भिंतीला, बाकाला अंग लागू नये असे आवरून घेतलेले. माझ्याकडे नीट बघितलंही नाही. म्हणाले, "मोठ्या बाईंचा निरोप हाय. शाळंत बोअर लागलीया, पाणी हाय. जूनला वसतिगृह पुन्ना सुरू करायलेत. तुला बलवलंय." मग थोडं थांबून, "मी घिऊन जायालाच आलोय."

मला काय वाटलं, ते सांगायचं तर सुटल्यासारखं वाटलं. रडू आलं. माझी ती खोली, तो वजनकाटा. त्या क्षणी त्यांनी हात धरला असता तर मी तशीच निघाले असते.

तेवढ्यात फाटकातून ट्रॅक्टर आत आला. ट्रॉलीत माणसं आडवी होती. चाकूरकडच्या एका पाझर तलावाच्या कामावरची, खडी फोडणारी, माती वाहणारी. सगळ्यांनी एकाच खड्ड्यातलं पाणी प्यायलं होतं. ड्रायव्हर उतरून नुसता ओरडत होता, "आवं घ्या कुनीतरी, घ्या!" वास त्यांच्याआधी व्हरांड्यात पोचला. अप्पांनी उपरणं नाकाला लावलं. मी त्यांना तिथंच सोडून पळाले.

ट्रॉलीच्या टोकाला एक म्हातारी होती. इनचार्जनं तिच्या मानेवर दोन बोटं ठेवली, डोळे बघितले, लुगड्याचा पदर तिच्या तोंडावर ओढला आणि लगेच शेजारच्याकडे वळली. मी थबकले. "हिचं संपलंय," ती न वळता म्हणाली, "पुढचीला घे." मला तिचा राग आला. राग यायला तिथं वेळ नव्हता, तरी आला.

खाटा आधीच भरलेल्या होत्या. सतरंज्या टाकून लोकांना व्हरांड्यात झोपवलं. डॉक्टर एकच. ते एका बाप्याच्या पायाची शीर उघडून नळी घालत होते, कारण त्याच्या हाताच्या सगळ्या शिरा बसून गेल्या होत्या. माझ्या वाटणीला एक सहा-सात वर्षांची पोरगी आली. डोळे खोल गेलेले, पण रडत होती, पाणी मागत होती. तिची आई तिला मांडीवर घेऊन भिंतीला टेकून बसली होती. मी साखर-मीठ-पाणी कालवून वाटी दिली आणि चमच्यानं पाजायला सांगितलं. आई चमचा चमचा पाजू लागली. पोरगी ओकली की तोंड पुसायची, थोडी थांबायची, पुन्हा पाजायची. मला वाटलं, ही सावरेल. मी पुढच्याकडे वळले.

वळताना एक गोष्ट डोक्यात अडकली. वैशाखाचं ऊन, ट्रॉलीतला प्रवास, हातात पाण्याची वाटी, आणि बाई स्वतः एक घोट घेत नव्हती. मी पुन्हा वाकले. चमचा धरलेली तिची बोटं बघितली. दिवसभर खडी फोडणाऱ्या बाईची बोटं, आणि ती अशी सुरकुतली होती, जशी धुणं धुऊन उठल्यावर होतात. मी तिच्या हाताची कातडी चिमटीत धरून सोडली. ती तशीच उभी राहिली.

"बाई, तुम्हाला पण ढाळ लागली का?"

"माजं काय न्हाई," आवाज इतका घोगरा की मला ओठांवरून समजून घ्यावं लागलं. "पोरीचं बघा."

"कवापासून?"

"सकाळधरनं. पोरीला धराया कुनी न्हाई. बाप तिकडं कारखान्याला गेलाय." आणि चमचा हातातून पडला. तिचं डोकं बाजूला कलंडलं.

मी तिला आडवं केलं. लुगडं मागून सगळं भिजलेलं होतं. नाडी मनगटाला लागेना. मी इनचार्जला हाक मारली. ती पलीकडच्या टोकाला दोन पेशंटच्या मध्ये गुडघ्यावर होती. तिनं मान वर केली, माझ्याकडे बघितलं, डॉक्टरांकडे बघितलं. ते अजून त्याच पायावर वाकलेले होते.

"तूच लाव," ती ओरडली. "आत्ता दुसरं कोणी नाही."

नळी बांधली. डावा हात, काही नाही. नुसती थंड कातडी. एक निळसर रेघ दिसल्यासारखी वाटली, टोचलं, कोरडं. उजवा हात, पुन्हा कोरडं. माझ्या कपाळाचा घाम तिच्या हातावर पडला. पोरगी आईचा पदर ओढत होती. "माय, उठ की. माय." मी सुई काढून घेतली. डोळे मिटून मी नांदेडचा तो वर्ग आठवायचा प्रयत्न केला. बाकी सगळ्या शिरा बसल्या तरी आतल्या घोट्याच्या पुढं एक शीर असते. दिसो न दिसो, तिथंच असते. तिचा पाय मांडीवर घेतला. मातीनं, घाणीनं माखलेला पाय. पदरानं पुसला. काही दिसलं नाही. जिथं असायला हवी तिथं टोचली.

नळीत लाल थेंब चढला.

चिकटपट्टी लावली, बाटली वर धरली, आणि मग लक्षात आलं की स्टँड एकही उरलेला नव्हता. बाटली वर धरून मी उभी राहिले तर पोरीला कोण बघणार, बाकीच्यांना कोण? खाली ठेवावी तर रक्त उलटं नळीत चढेल.

इनचार्ज आली. तिनं व्हरांड्यात नजर फिरवली आणि खांबापाशी उभ्या असलेल्या, धोतर आवरून धरलेल्या माणसाला हाक मारली. ते माझे वडील आहेत, हे तिला ठाऊक नव्हतं.

"ओ काका! उभे काय राहिलात? या इकडं. ही बाटली धरा. अशी, डोक्याच्या वर. खाली आणायची नाही."

अप्पांनी माझ्याकडे बघितलं. त्या बाईच्या चहूबाजूंनी जमीन ओली होती. अप्पा दोन पावलं आले, थांबले, मग धोतराचा सोगा वर खोचला, चपला बाजूला काढून ठेवल्या, जसे देवळाबाहेर काढतात तशा, आणि अनवाणी त्या ओल्या फरशीवर येऊन बाटली धरली.

मी पोरीला मांडीवर घेतलं आणि चमच्यानं पाजायला लागले. मध्येच उठून दुसऱ्यांकडे जायची, परत यायची. दर वेळी बघायची, तर अप्पा तसेच. हात भरून आला की दुसऱ्या हातात घ्यायचे. एक बाटली संपली, मी दुसरी लावली. इनचार्ज येऊन नाडी बघून गेली, म्हणाली, "लागते आहे आता." बाईनं डोळे उघडले तेव्हा तिच्यावर वाकलेलं पहिलं माणूस तिला दिसलं ते अप्पाच. ती धडपडत उठायला बघू लागली, पदर सावरायला लागली.

"पडून ऱ्हा, माय," अप्पा म्हणाले. "पोरगी हाय हितं. पाणी पियालीया."

घरात अव्वाशी किंवा माझ्याशी त्यांचा आवाज असा कधी निघालेला मी ऐकला नव्हता.

उन्हं कलल्यावर टँकर आला आणि त्याबरोबर दुसऱ्या दवाखान्यातून सलाइनचे स्टँड आले. एका मावशीनं अप्पांच्या हातून बाटली घेतली. त्यांना हात खाली घेता येईना. खांद्यात धरून राहिला होता. मी मगातलं पाणी त्यांच्या हातावर, मग पायांवर ओतलं. एरवी असं काही झालं असतं तर त्यांनी अंगावरच्या कपड्यांसकट अंघोळ केली असती. त्या दिवशी त्यांनीच मला थांबवलं. "बस. बाकीच्यांला लागंल."

इनचार्जला कोणीतरी सांगितलं असावं. ती आली, पदरानं कपाळ पुसलं आणि अप्पांना म्हणाली, "माहीत नव्हतं मला. माफ करा." अप्पांनी हात जोडले. ती माझ्याकडे वळली. मला वाटलं, आता काही चांगलं म्हणेल. "त्या बाईची बाटली संपत आली आहे. बघ," ती म्हणाली. मी पळाले.

स्टँडवर त्यांना सोडायला मी गेले तेव्हा मुखेडची शेवटची गाडी लागलेली होती. अप्पांनी विचारलं, "ती म्हातारी, पहिलीच. तिचं कोण होतं का ट्रॉलीत?"

"ठाऊक नाही. विचारायला वेळच नाही मिळाला."

"विचार," ते म्हणाले. "कुनी असंल तर सांगाया पायजे नीट."

मी हो म्हटलं. मग ते म्हणाले, "मोठ्या बाईंला काय सांगू?"

दुपारी मला जे सुटल्यासारखं वाटलं होतं, ते कुठं गेलं ते कळलं नाही. भीती होती, ती तशीच होती. उद्याचे हात, उद्याच्या शिरा. तरी मी म्हणाले, "दुसरी कोणी बघा म्हणावं."

"बरं." गाडीत चढताना त्यांनी खांदा चोळला. "अव्वाला मी सांगतो काय सांगायचं ते. तू नगंस सांगू."

ते काय सांगणार आहेत, हे मी विचारलं नाही. पुढं सुट्टीला गेले तेव्हा कळलं, की घरी त्यांनी फक्त एवढंच सांगितलं होतं: पोरगी कामात हाय, येणार न्हाई.

त्या ट्रॉलीतली आणखी दोन माणसं गेली. बाकीची वाचली. म्हातारीची सून त्यांच्यातच होती. तिला मी दुसऱ्या दिवशी सांगितलं, आणि ते सांगणं सुई टोचण्यापेक्षा अवघड निघालं. ती आई आणि तिची पोरगी आठवड्याभरात आपल्या पायांनी चालत गेल्या. जाताना पोरगी मला "सुईवाली" म्हणाली आणि आईच्या मागं लपली. इनचार्जनं मला त्यानंतरही पुष्कळ रागावून घेतलं. पण त्या उन्हाळ्यात तिनं माझ्या हातातून पुन्हा सुई घेतली नाही. मावश्या मात्र मी दवाखाना सोडेपर्यंत शाळेच्या बाईच म्हणत राहिल्या.